कमी बजेट, पण घोडा भरवशाचा हवा: तडजोड नेमकी कशात करायची?

रिकीब

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं रायडिंग स्कूलच्या घोड्यांवर बसतो आहे. दुडकी, कँटर (दुडकीच्या पुढची, सावकाश दौडीची चाल) नीट जमतं, उड्या मारायची हौस नाही. आता स्वतःचा घोडा घ्यायचं पक्कं केलंय. सुट्टीच्या दिवशी मोकळ्या रानात, मातीच्या रस्त्यांवर दोन-तीन तास फिरायचं आणि अधूनमधून रिंगणात सराव, एवढंच काम. मुलगी बारा वर्षांची आहे, तीही बसेल. माझं वजन ७८ किलो. घोडा ठेवायला पागेत जागा मिळाली आहे, चारा-पाण्याची सोय तिथे आहे.

पैसे मात्र बेताचेच. चार-पाच ठिकाणी चौकशी केल्यावर लक्षात आलं की देखणा, तरणा, शिकलेला आणि निरोगी असं सगळं एका घोड्यात या पैशांत बसणार नाही. काहीतरी सोडावं लागेल. काय सोडलं तर चालतं आणि कशावर अडून बसायचं, हे ज्यांनी घोडे पाळलेत त्यांनी सांगावं.

जुना_स्वार

स्वागत. तुम्ही काम स्पष्ट लिहिलंत हे फार बरं केलंत, कारण घोडा कामावरून ठरतो.

रंग, उंची आणि जात या तिन्हींचा आग्रह सोडा. काळाभोर अंग, चार पांढरे पाय, लांब आयाळ यांचे वेगळे पैसे पडतात आणि रानात दोन तास फिरताना त्यांचा काडीचा उपयोग नसतो. उंचीचंही तेच. घोड्याची उंची हातात मोजतात, एक हात म्हणजे ४ इंच, जमिनीपासून खांद्यावरच्या उंचवट्यापर्यंत. साडेचौदा-पंधरा हातांचा, रुंद छातीचा, जाड हाडाचा घोडा तुमच्या कामाला सोळा हातांच्या सडपातळ घोड्यापेक्षा उजवा. उंच घोड्याला गिऱ्हाईक जास्त, म्हणून भावही जास्त.

दुसरी तडजोड वयात करा, आणि ही मनापासून करा. सगळ्यांना पाच ते नऊ वर्षांचा घोडा हवा असतो, म्हणून तोच सगळ्यात महाग. नीट सांभाळलेला घोडा २५ ते ३० वर्षं जगतो आणि हलक्या कामाला विशीपर्यंत सहज चालतो. तेरा ते सोळा वर्षांच्या घोड्याने तोवर ट्रॅक्टर, भुंकणारी कुत्री, कुंपणावर फडफडणारं प्लास्टिक, ओढ्याचं पाणी सगळं पाहिलेलं असतं. जी खोड असायची ती बाहेर आलेली असते. चार वर्षांचा घोडा पुढे कसा निघेल हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

तिसरं म्हणजे डाग आणि व्रण. पुढच्या पायाच्या नळीवर आतल्या अंगाला कडक गाठ असते, तिला स्प्लिंट म्हणतात. जुनी झाली, दाबल्यावर घोडा पाय ओढून घेत नाही, तर ती नुसती दिसायला वाईट. खुरावरच्या सांध्यामागचे मऊ फुगवटे, तारेने कापल्याची जुनी खूण, हेही बहुधा तसंच. प्रदर्शनात मिरवणारा गिऱ्हाईक असल्या घोड्याकडे बघत नाही, तिथे तुमचे पैसे वाचतात. एक अपवाद लक्षात ठेवा. दोन्ही पुढच्या गुडघ्यांवर व्रण असतील तर घोडा ठेचकाळून पडणारा आहे का, हे विचारा आणि पाहा.

पाय आणि स्वभाव या दोन गोष्टींत मात्र एक पैशाचीही सूट देऊ नका. मुलगी बसणार आहे म्हटल्यावर तर मुळीच नाही.

खरारा

जुना_स्वार यांच्याशी सहमत. फक्त एक हिशेब आधी करा, कारण तो राहून जातो आणि मग घोड्याचे हाल होतात.

घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या साधारण २ टक्के कोरडा चारा लागतो. ४५० किलोचा घोडा धरला तर दिवसाला ९ किलो, वर्षाला सव्वातीन टनांच्या आसपास. नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी, मग तुम्ही त्या दिवसांत बसलात किंवा नाही. वर्षातून एकदा दात घासून घ्यावे लागतात. धनुर्वाताची लस चुकवायची नाही, घोडा त्या आजाराला फार लवकर बळी पडतो. जंताचं औषध आहेच. यातला एकही खर्च स्वस्तातल्या घोड्याला कमी होत नाही.

म्हणून हातातली सगळी रक्कम घोड्यात घालू नका. तपासणीचे पैसे, काही महिन्यांचा पागेचा खर्च आणि एखाद्या रात्री डॉक्टर बोलवावा लागला तर त्याची तरतूद आधी वेगळी काढा. उरेल ते तुमचं खरं बजेट. घोड्याला उलटी होत नाही, पोटात काही बिघडलं तर ते खालच्याच वाटेने जायला हवं. त्यामुळे पोटशूळ साधा आहे की जीवघेणा हे घरी बसून ठरवता येत नाही. त्या वेळी पैशाचा विचार करत बसायची पाळी येऊ नये.

आणि खोगीर आत्ताच घेऊन ठेवू नका. ते घोड्याच्या पाठीच्या मापाने घ्यायचं असतं.

चौखूर

मी जरा वेगळं सुचवतो. शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड (शर्यतीच्या घोड्यांची जात) का नाही पाहत? चार-पाच वर्षांचे, उत्तम हाडापेराचे घोडे फार कमी पैशांत मिळतात, कधी चांगलं घर मिळतंय म्हणून जवळपास फुकटही देतात. खोगीर, नालबंद, वाहनातला प्रवास, गर्दी, आवाज, सगळ्याची सवय असते. माझ्याकडचा घोडा असाच आला आणि इतका समजूतदार निघाला की त्याच्यावर आता कोणीही बसतं.

दुडकीवाली

चौखूर, तुमचा घोडा चांगला निघाला याचा आनंद आहे, आणि या घोड्यांना घर मिळायलाच हवं. पण रिकीब यांच्या कामासाठी मी हे सुचवणार नाही. थरोब्रेड दोन वर्षांचा असतानाच धावायला लागतो. त्याला जे शिकवलेलं असतं ते वेगाचं. लगाम ताणला की थांबायच्या ऐवजी तोंडावर जोर देऊन आणखी पुढे रेटायचं, हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. स्वार चढेपर्यंत स्तब्ध उभं राहणं, सैल लगामावर एकट्याने चालणं, पायाच्या दाबाने बाजूला सरकणं हे त्याला नव्याने शिकवावं लागतं. जाणकार हातात काही महिन्यांत उत्तम होतो. बारा वर्षांच्या मुलीच्या हातात तो शिकावा अशी अपेक्षा करणं दोघांवरही अन्याय आहे.

आणखी एक. घोड्याची हाडं पुरती पक्की व्हायला साडेपाच-सहा वर्षं लागतात, पाठीचे मणके सगळ्यात शेवटी. इतक्या लवकर कामाला लागलेल्या घोड्याचे पाय डॉक्टरकडून फार बारकाईने तपासून घ्यायला हवेत.

चौखूर

मान्य. माझ्याकडे पहिले सहा महिने ट्रेनर रोज येत होता, ते लिहायला हवं होतं. त्याचा खर्च धरला तर घोडा स्वस्त म्हणता येणार नाही.

दुडकीवाली

रिकीब, एक मधला मार्गही आहे. ज्या मालकांना वेळ होत नाही ते घोडा अर्ध्या भागीत देतात. निम्मा खर्च तुमचा, ठरलेल्या दिवशी बसायचं. काही महिने असं केलंत तर मुलगी पावसाळ्यातही पागेत येते का, की नुसती बसण्यापुरती हौस आहे, हेही कळेल. शिवाय कितीतरी चांगले, वयस्क घोडे बाजारात येतच नाहीत, ओळखीतच जातात. नालबंद, पशुवैद्य, तुमचे रायडिंगचे शिक्षक यांच्या कानावर घालून ठेवा. मुलं मोठी होऊन शिकायला बाहेर गेली की अशी घरं घोड्यासाठी चांगला माणूस शोधत असतात. त्यांना वरचे चार पैसे मिळण्यापेक्षा घोडा कुठे जातो याची काळजी जास्त असते.

नालेचा_धनी

मी नालबंद आहे, माझ्या कामापुरतं लिहितो.

घोडा बघायला गेलात की खुरापासून सुरुवात करा. खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतं. वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत यायला पुढच्या भागाला नऊ-दहा महिने ते वर्ष लागतं. म्हणजे तुमच्या समोर घोड्याचं जवळजवळ अख्खं वर्ष उघडं पडलेलं असतं. खुरावर आडव्या रेषा असतात. चारा बदलला, ताप आला, ऋतू पालटला की अशी रेषा पडते, त्या एकसमान अंतराने असतील तर घाबरू नका. पण पुढे जवळजवळ आणि टाचेकडे फाकत गेलेल्या रेषा दिसल्या, तर त्या घोड्याला लॅमिनायटिस होऊन गेला असण्याची दाट शक्यता आहे. खुराच्या आतलं हाड ज्या थराने भिंतीला धरलेलं असतं तो थर यात सुजतो. एकदा झाला की परत होण्याचा धोका राहतो. कमी बजेटमध्ये हा घोडा घेऊ नका, मग तो कितीही गुणी असो.

दोन्ही पुढची खुरं शेजारी ठेवून बघा. एक अरुंद आणि उभं, दुसरं पसरट असेल तर तो एका पायावर भार कमी टाकतो का, हे तपासायला हवं. पाय उचलून तळवा बघा. मधला त्रिकोणी मऊ भाग रबरासारखा घट्ट हवा. काळा चिकट स्राव आणि कुजका वास आला तर पागा ओली आणि मालक निष्काळजी. ते बरं होतं, पण बाकी काय काय दुर्लक्षित राहिलं असेल त्याचा विचार करा.

नाल कशी झिजलीय तेही बघा. जुनी नाल एका बाजूने किंवा फक्त पुढच्या टोकाला घासलेली असेल तर चालीत काही आहे. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी नवी कोरी नाल ठोकलेली असेल तर जुनी कुठे आहे ते सरळ विचारा. बहुतेक वेळा ती तिथेच पडलेली असते.

रिकीब

सगळ्यांचे मनापासून आभार. नालेचा_धनी, तुमचा प्रतिसाद छापून सोबत नेला.

दोन घोडे पाहून आलो. दोन्ही बजेटात बसतात.

पहिली राखी घोडी, सात वर्षांची, चौदा हात. अतिशय देखणी. आम्ही पोचलो तेव्हा खोगीर चढवून तयार होती. मालकाच्या माणसाने दोन फेऱ्या मारल्या, मग मी बसलो. चाल हलकी, तोंड मऊ, मुलगी तर बघताक्षणी तिच्या प्रेमात. खोगीर उतरवलं तेव्हा खालचं कापड चांगलंच ओलं होतं.

दुसरा कुमाईत (तांबूस अंग, काळी आयाळ-शेपूट) घोडा, खच्ची केलेला. मालक म्हणाले बारा-तेरा वर्षांचा असेल. पंधरा हातांना थोडा कमी. डोकं मोठं, आयाळ विरळ, खांद्याच्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना रुपयाएवढे पांढऱ्या केसांचे ठिपके. मोकळ्या कुरणात चरत होता. मी मोहरकी (तोंडावर बांधायची दोरी) घेऊन गेलो तर तोंड वर करून उभा राहिला. बांधला, खरारा केला, चारही पाय उचलले, काही तक्रार नाही. खोगीर घातल्यावर पहिल्या तीन-चार फेऱ्या दुडकीत डावा मागचा पाय किंचित आखडल्यासारखा वाटला, मग सुटला. रस्त्यावरून एकट्याने नेला. पाण्याचा टँकर अगदी जवळून गेला, त्याने एक कान वळवला आणि चालत राहिला.

मन घोडीकडे ओढतंय, हे खरं सांगतो.

जुना_स्वार

घोडी तुम्ही पोचायच्या आधी किती वेळ पळवलेली होती? दोन फेऱ्या आणि तुमची थोडी रपेट यात खोगिराखालचं कापड चांगलंच ओलं होत नाही. हवा उकाड्याची असली तर गोष्ट वेगळी. आधीच दमवून ठेवलेला घोडा शांतच वाटतो. मालक खोटा आहे असं मी म्हणत नाही, पण तिची खरी ओळख तुम्हाला अजून झालेली नाही.

परत जा आणि या वेळी सांगा की घोडी बांधलेली, खोगिराशिवाय, थंड अंगाने बघायची आहे. पोचल्या पोचल्या हात तिच्या छातीवर आणि पोटाखाली ठेवा. ती तबेल्यातून बाहेर येताना कशी येते, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना कान मागे टाकते का, शेजारच्या घोड्यांपासून लांब नेली की ओरडते का, हे तुम्हाला दिसलं पाहिजे. आधी मालकाच्या माणसाला बसू द्या. तो बसायला कचरला तर तुम्हीही बसू नका.

खरारा

दोन्ही घोड्यांची मापं घेतलीत का? मापाची साधी टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर, आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११८८०. उत्तर किलोमध्ये वजन, अंदाजे. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत असावं, असा साधारण दंडक आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ घोड्यांवर १५, २०, २५ आणि ३० टक्के भार टाकून पाहिला होता. २५ आणि ३० टक्क्यांना स्नायूंचा ताण आणि दुखरेपणा स्पष्ट वाढला होता.

रिकीब

परत गेलो, मापं घेतली.

घोडी: घेर १६५, लांबी १५०. वजन ३४४ किलो येतं.
घोडा: घेर १८०, लांबी १६४. वजन ४४७ किलो.

मी ७८ आणि खोगीर-लगाम ९ किलो धरले तर ८७. घोडीवर ते २५ टक्के होतात, घोड्यावर साडेएकोणीस.

घोडी या वेळी थंड अंगाने पाहिली. तबेल्याच्या दारातून उसळून बाहेर आली, तंग आवळताना चावायला वळली. मालकाचा माणूस बसला तेव्हा पहिली पाच मिनिटं ती चालतच नव्हती, नाचत होती. घोडी वाईट नाही, पण माझ्या मुलीसाठी नाही. मुलीला हे समजावताना जरा जड गेलं. मग तिनेच विचारलं की आपण जड असताना बसलो तर तिची पाठ दुखेल ना? तिथेच विषय मिटला.

घोड्याचा आखडलेला मागचा पाय आणि ते पांढरे ठिपके, याबद्दल सांगा.

जुना_स्वार

ठिपके म्हणजे कधीतरी अरुंद खोगिराने तिथे दाबलं होतं आणि जखम भरून केस पांढरे आले. ते केस आता तसेच राहतात. आज दुखतंय का ते बघायला बोटांच्या पेरांनी पाठकण्याच्या दोन्ही बाजूंनी खांद्यापासून कंबरेपर्यंत सावकाश दाबत जा. घोडा पाठ खाली टाकतो, शेपूट झटकतो किंवा डोळा बारीक करतो का ते पाहा. काहीच नसेल तर जुनी गोष्ट. नवं खोगीर मात्र मापाचंच हवं.

पायाचं डॉक्टरवर सोडा, आणि डॉक्टर तुमचा हवा. विकणाऱ्याच्या घोड्यांवर नेहमी उपचार करणारा नको.

अश्ववैद्य

घोड्यांच्या उपचारात आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

डॉक्टर यायच्या आधी तुम्हाला स्वतःला बरंच बघता येतं. विश्रांतीत नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस. नाडी जबड्याच्या आतल्या कडेवर बोटाने लागते. दुडकी सुरू झाल्यावर खोकला येतो का, आणि श्वास सोडताना पोट दोनदा दाबलं जातं का ते बघा. डोळे अंधारात टॉर्चने बघा, दोन्ही बाहुल्या सारख्या आणि स्वच्छ हव्यात. डोळ्याला वारंवार सूज येणारा एक आजार असतो, त्यात हळूहळू दृष्टी जाते आणि घोडा बुजरा होतो.

दातांनी लाकडाची कड धरून हवा ओढायची खोड असेल तर वरच्या पुढच्या दातांची बाहेरची कड घासलेली दिसते. तबेल्याच्या दाराची कड कुरतडलेली आहे का, तेही बघून ठेवा.

लंगडेपणा दुडकीत बघायचा, कारण त्या चालीत पाय तिरप्या जोडीने आणि समान तालात पडतात. कडक, सपाट जमिनीवर सरळ नेऊन आणा, मग दोन्ही बाजूंना गोल फिरवा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली सोडतो. मागचा दुखत असेल तर मागून बघा, त्या बाजूचं कंबरेचं हाड जास्त वरखाली होतं.

खरेदीपूर्व तपासणीत डॉक्टर एकेक सांधा साधारण मिनिटभर मुडपून धरतील आणि लगेच दुडकी करायला लावतील. ही चाचणी टाळू नका. रक्ताचा नमुनाही काढून ठेवायला सांगा. वेदनाशामक किंवा गुंगीचं औषध देऊन घोडा दाखवला गेला असेल, तर नंतर त्या नमुन्यात ते सापडू शकतं. नमुना काढणार आहे एवढं आधी कळवलं तरी काही सौदे आपोआप बंद होतात.

वयाचं म्हणाल तर दातांवरून अंदाजच येतो. पाच वर्षांपर्यंत तो अचूक असतो, कारण दुधाचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास पडून पाचव्या वर्षी तोंड पूर्ण होतं. त्यानंतर वरच्या जबड्यातल्या पुढच्या दातांपैकी कडेच्या दातावर एक उभी खाच दिसते, साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी सुरू होते, पंधराला निम्म्यावर, विसाला टोकापर्यंत पोचते. चारा आणि चावण्याची सवय यामुळे मागेपुढे होतं. मायक्रोचिप किंवा ओळखपत्र असेल तर ते पडताळून घ्या.

रिकीब

तपासणी झाली. बाहेरून डॉक्टर आणले, मालकांनी एका शब्दानेही आडकाठी केली नाही, उलट स्वतः घोडा धरून उभे होते.

हृदय, फुप्फुसं, डोळे, पाठ व्यवस्थित. दातावरची खाच निम्म्याच्या जरा खाली, म्हणजे वय बारा-तेरा नसून पंधरा-सोळा धरा म्हणाले. मालकांनी स्वतःही तो मोठा झाल्यावरच घेतला होता, कागद नाहीत. डावा मागचा पाय मुडपल्यावर पहिली सहा-सात पावलं आखडला, मग मोकळा. एक्स-रे काढला. मागच्या पायाच्या ढोपरातल्या (इंग्रजीत हॉक) खालच्या सांध्यांत झीज आहे, सुरुवातीची ते मध्यम. तुमच्या कामाला चालेल, उड्या आणि जोराचं काम नको, असा निकाल दिला.

आता पेच पडलाय. चालेल म्हणजे किती वर्षं?

अश्ववैद्य

वर्षं कोणी सांगू शकणार नाही. सांगता येतं ते हे. त्या ढोपराचे सगळ्यात खालचे सांधे मुळातच फार कमी हलतात. चालीची खरी हालचाल वरच्या सांध्यात होते. खालच्या सांध्यांत झीज होते, काही काळ दुखतं, आणि कित्येकदा ते सांधे हळूहळू जुळून येतात. जुळून आल्यावर दुखणं कमी होतं. मध्यम वयाच्या कामाच्या घोड्यांत हे खूप आढळतं. अशा घोड्याला नियमित हलकं काम मानवतं, आठवडाभर तबेल्यात बांधून सुट्टीच्या दिवशी तीन तास रपेट मात्र अजिबात मानवत नाही. रोज कुरणात मोकळा सोडा, बसल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं फक्त चालवा, वजन वाढू देऊ नका. घोडा किती रोड किंवा लठ्ठ आहे याची पाहणी १ ते ९ या हेनेके मापावर करतात, १९८३ साली ते मांडलं गेलं. याला ५ च्या आसपास ठेवा. फासळ्या दिसू नयेत, हात फिरवला की लागाव्यात.

खरारा

मी दुसऱ्या बाजूने विचारते, आणि हे घाबरवण्यासाठी नाही. पाच-सहा वर्षांनी तो बसण्याजोगा राहिला नाही तर काय कराल? तेव्हा चारा तेवढाच लागेल, नालबंद तसाच येईल, मुलीला दुसरा घोडा हवा असेल. म्हातारा, आखडलेला घोडा विकायला काढला तर तो कुणाच्या हातात जाईल हे आपल्या हातात उरत नाही. ज्याने तुमच्या मुलीला रानात सुखरूप फिरवून आणलं त्याला शेवटपर्यंत पोसायची तयारी आत्ताच घरात बोलून ठेवा. पागेऐवजी कुठे कुरणावर कमी खर्चात ठेवता येईल का, तेही बघा. तयारी असेल तर हा घोडा बिनधास्त घ्या. तुम्ही वर्णन केलाय तसा स्वभाव पैसे मोजूनही सहज मिळत नाही.

जुना_स्वार

खरारा यांनी लिहिलंय त्यापुढे मला फक्त व्यवहाराचं सांगायचंय. वय आणि एक्स-रे या दोन्ही गोष्टी लिखित आहेत, त्यावर मालकांशी शांतपणे किमतीचं बोला. माणूस सरळ दिसतोय, समजून घेतील. दोन आठवडे चाचणीसाठी घोडा तुमच्या पागेत ठेवायला मिळाला तर सोन्याहून पिवळं. त्या काळात काही झालं तर खर्च कुणाचा, परत करायचा तर कोणत्या कारणाने, पैसे किती दिवसांत, हे सगळं कागदावर घ्या. कागदावर घोड्याचं वर्णन, अंगावरच्या खुणा, मालकांनी सांगितलेल्या खोडी आणि चालू औषधं हेही असू द्या. तोंडी बोलण्यात कुणाची नियत वाईट नसली तरी आठवण वेगवेगळी असते.

रिकीब

घरात बोलणं झालं. बायको म्हणाली, पोसायची तयारी नसेल तर आत्ताच नाही म्हण. तयारी आहे. पागेच्या मालकांचा गावाबाहेर गवताचा मोठा तुकडा आहे, म्हातारे घोडे तिथे ठेवतात, खर्च निम्म्याहून कमी.

मालकांनी किंमत कमी केली आणि दोन आठवड्यांच्या चाचणीला तयार झाले. कागद केला. घोडा येत्या शनिवारी येतोय. वाचलेल्या पैशांतून खोगीर मापाने करून घेणार आहे. येण्याच्या दिवशी आणि पहिल्या आठवड्यात नेमकं काय करायचं ते सांगा.

दुडकीवाली

फार छान. मुलीला शाबासकी सांगा, घोडीच्या पाठीचा विचार तिने केला.

मालकांकडून तो सध्या खातोय तो चारा निदान आठवडाभराचा विकत घ्या आणि सोबत आणा. तुमच्या पागेतला चारा त्यात रोज थोडा थोडा वाढवत सात ते दहा दिवसांत पूर्ण बदला. एकदम बदललात तर पोटशूळाला आमंत्रण. तो दिवसाचे किती वाजता खायचा, बाहेर किती वेळ असायचा, शेजारी कोण असायचं, हेही विचारून घ्या आणि सुरुवातीला शक्य तितकं तसंच ठेवा.

अश्ववैद्य

पहिले काही दिवस पागेतल्या इतर घोड्यांपासून वेगळा ठेवा, वेगळी बादली, वेगळा खरारा. सर्दी-खोकला किंवा जबड्याखाली गाठी दिसल्या तर लगेच कळवा. वेगळा म्हणजे एकटा कोंडून नव्हे, लांबून दुसरा घोडा दिसायला हवा, नाहीतर तो बेचैन होतो.

उतरल्यावर आधी पाणी दाखवा. दिवसाला २५ ते ४० लिटर तरी जातं. नव्या जागेचं पाणी काही घोडे पहिल्या दिवशी पीत नाहीत, म्हणून मालकांकडून दोन कॅन भरून आणा आणि त्यात इथलं मिसळत जा. संध्याकाळपर्यंत किती पाणी गेलं आणि लीद किती वेळा टाकली हे पागेतल्या माणसाला लिहून ठेवायला सांगा. रात्रभर लीद झाली नाही किंवा तो वळून पोटाकडे बघू लागला तर सकाळची वाट पाहू नका, डॉक्टरला त्याच वेळी फोन करा.

नालेचा_धनी

शेवटची नाल कधी ठोकली तेवढी तारीख मालकांकडून घ्या. मागच्या पायांना नाल ठोकताना ढोपर फार वर उचलायचं नाही, असं तुमच्या नालबंदाला आधीच सांगून ठेवा. अशा घोड्याचा पाय मी खालीच, जमिनीजवळ धरून काम करतो आणि मधूनमधून टेकवू देतो. वेळ थोडा जास्त जातो, पण घोडा हुज्जत घालत नाही.